हिरवं अस्तर

चपला दारात काढून मामा दुकानात शिरले, तेव्हाच धाकटीला कळलं की हे सहज आलेले नाहीत. एरवी ते चपलांसकट थेट कापायच्या टेबलापर्यंत यायचे, कात्री बाजूला सारायचे आणि टेबलावरच बूड टेकायचे. आज उभेच राहिले. बगलेत खाकी लिफाफा होता, आणि तो त्यांनी ताप बघायला थर्मामीटर धरावा तसा दाबून धरला होता.

"शटर अर्धं ओढ," ते मास्टरला म्हणाले. "आणि सगळे आत चला. अक्का जागी आहे ना?"

"आई कधी झोपते?" मास्टर म्हणाला आणि मशीनवरून उठला.

धाकटीने टाइपरायटरमधला कागद तसाच राहू दिला. दुकानाच्या कोपऱ्यातलं हे टेबल थोरल्या दिराने, म्हणजे मास्टरनेच, तिला दिलं होतं. ती टायपिस्ट होती ते कोर्ट बंद पडल्यापासून ती इथेच बसून बेपत्ता माणसांसाठी बायकांचे अर्ज टाइप करायची. कुणाचा नवरा, कुणाचा मुलगा, कुणाचे दोघेही. स्वतःच्या नवऱ्याचा अर्ज तिने सात वेळा टाइप केला होता. अकरा महिन्यांपूर्वी पुलावरच्या नाक्यावर शिपायांनी त्याला बसमधून उतरवलं. जमीन मोजायची तिपाई त्याच्या खांद्यावर होती, ती बसमध्येच राहिली आणि कंडक्टरने घरी आणून दिली. लष्कराच्या छावणीतून दर वेळी एकच उत्तर यायचं, असा माणूस आमच्याकडे आलाच नाही.

आतल्या खोलीत सासूबाई कॉटवर उशीला टेकून बसल्या होत्या. थोरली जाऊ ओट्यापाशी कांदा चिरत होती. तिची मुलगी, जिला सगळं घर डॉक्टरीण म्हणायचं, जमिनीवर पुस्तक उघडून बसली होती. एकोणीस वर्षांची पोर, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. शहरात जायचा पास छावणीने अडवून धरला होता, म्हणून तीन महिने घरीच.

मामांनी पाणी मागितलं, पण प्यायले नाहीत. पेला हातात धरून ठेवला.

"उद्या शाळेत बेपत्तांची चौकशी समिती बसते आहे," ते म्हणाले, "राजधानीतून तिघं येणार. हे तुम्हाला माहीतच आहे."

"माहीत आहे. मीच बायकांना नंबर लावून देते आहे," धाकटी म्हणाली.

"तर छावणीचं म्हणणं असं की त्याआधी काही घरांचे विषय मिटवून टाकावेत. सलोख्याने." हा शब्द मामांच्या तोंडात नवा होता. छावणीच्या कोठारात त्यांनी बत्तीस वर्षं कारकुनी केली होती. निवृत्त झाले तरी कोठार त्यांच्यातून निघालं नव्हतं. अजूनही सकाळी दाढी करून तिकडे चक्कर मारायचे. "कॅप्टनसाहेबांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, तुमच्या बहिणीचं घर आहे, तुम्हीच न्या. एक कागद आहे. तिघांच्या सह्या हव्यात. अक्काची, मास्टरची आणि धाकटीची. आज चारच्या आत."

"आणि?" थोरलीने सुरी खाली ठेवली.

"आणि पोरीचा पास उद्या सकाळी घरपोच. छावणीच्या चौकशीच्या यादीतून नावही कमी."

 डॉक्टरणीला दोनदा छावणीत बोलावलं होतं. दोन्ही वेळा थोरली बाहेर फाटकाशी सहा-सहा तास उभी होती. दवाखान्यात कुणाच्या मांडीला पट्टी बांधलीस, एवढाच प्रश्न, फिरवून फिरवून. तिसऱ्यांदा ज्या मुलींना बोलावतात त्यांचं काय होतं, हे गावात कुणी मोठ्याने सांगत नसे.

"वाच," सासूबाई मास्टरला म्हणाल्या.

मास्टरने लिफाफ्यातून कागद काढला आणि चष्मा लावला. धाकटी त्याच्या समोर बसली होती. कागद पातळ होता आणि खिडकीचा उजेड पाठीमागून येत होता, त्यामुळे तिला उलट्या ओळी दिसत होत्या.

"आम्ही खाली सही करणार लिहून देतो की," मास्टर वाचू लागला, "आमच्या कुटुंबातील इसम, व्यवसाय भूमापक, हा गेल्या वर्षी स्वखुशीने घर सोडून सशस्त्र टोळीत सामील झाला. त्यानंतर दोन महिन्यांनी जंगलात झालेल्या चकमकीत टोळीच्याच गोळीबारात तो मरण पावला. मृतदेह आम्ही अंगावरील कपड्यांवरून ओळखला." इथे त्याला खोकला आला. तो थांबला. मग म्हणाला, "लष्कराने सदर इसमास कधीही ताब्यात घेतले नव्हते. आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही."

अकरा महिन्यांत या घरात 'मरण' हा शब्द कुणी काढला नव्हता. सासूबाई बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या.

"म्हणजे तो गेला, हे त्यांनी आपल्याला सांगायचं नाही," त्या म्हणाल्या. "आपणच त्यांना सांगायचं."

"अक्का, कागद आहे तो. कागदाने काय होतं?"

"कागदाने काही होत नाही तर त्यांना कशाला हवाय?"

धाकटीचं लक्ष बोलण्याकडे नव्हतं. ती मास्टरच्या बोटांकडे बघत होती. वाचून झाल्यावर माणूस कागद खाली ठेवतो किंवा पुढच्याला देतो. मास्टरने तो घडी करून खिशात घातला. आणि तो खोकला जिथे आला, तिथे त्याचे डोळे दोन ओळी खाली उतरले होते. इतकी वर्षं दुसऱ्याच्या मसुद्यावरून टाइप केल्यावर एवढं कळायला लागतं.

*

मास्टर दुकानात आला आणि उगाचच मशीनला तेल घालू लागला. मशीन कालच साफ केलेलं होतं.

थोरली त्याच्या मागोमाग आली. आवाज खाली ठेवून बोलली, पण एकही शब्द गिळला नाही. "सही करा. आईंचं मन मी वळवते. धाकटीला तुम्ही सांगा."

"काय सांगू तिला?"

"सांगा की तुझा गेला, माझी आहे. वाईट दिसेल, दिसू दे. मला चांगलं दिसायची हौस नाही आता."

तो पुन्हा तेलाच्या डबीकडे वळला. बारा वर्षं तो छावणीचे गणवेश शिवत होता. त्याआधी त्याचे वडील शिवायचे. धाकट्या भावाला नेलं, त्या आठवड्यात आई रोज फाटकाशी जाऊन बसत होती आणि हा इथे खाकी कापड कापत होता. "मी गेलो तर काम जाईल, आणि काम गेलं तर आत काय चाललंय ते कळायचा एकमेव रस्ता जाईल," असं त्याने घरात सांगितलं होतं. ऐकायला ते शहाणपणाचं वाटलं होतं. प्रत्यक्षात फाटकाशी जायची त्याची हिंमत नव्हती.

पाचव्या दिवशी थंडी अचानक वाढली. धाकटा सदऱ्यावरच गेला होता. मास्टरने उरलेल्या तुकड्यांतून एक करडं जाकीट कापलं. अस्तराला दुसरं काही नव्हतं, म्हणून अधिकाऱ्यांच्या कोटांचं हिरवं अस्तर लावलं. धाकटा डावखुरा होता, त्याला खिसा नेहमी उलट्या बाजूला लागायचा. तो आतून उजवीकडे लावला. कागदात बांधून मामांच्या हाती दिलं आणि म्हणाला, फाटकावर द्या, कुणाला सांगू नका. मामा परत येऊन म्हणाले होते, "पहारेकऱ्याने घेतलं. काही बोलला नाही." मास्टरने पुढे विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, याची त्याला भीती होती.

आणि आता ते जाकीट त्याच्या खिशात होतं, दोन ओळींत.

"भाऊजी." धाकटी आतल्या दारात उभी होती. "कागद द्या. मला सही करायची आहे ना? मग मला वाचू दे."

थोरली म्हणाली, "यांनी वाचलाय की सगळ्यांसमोर."

"सगळा नाही वाचला."

मास्टरने कागद दिला. न देण्यासारखं काही सुचलं नाही.

तिने तिथेच उभ्याने वाचला, मग पुन्हा वाचला. तिचा चेहरा जसा बदलला, तसा बदलेल असं त्याला वाटलं नव्हतं. ती हसली. इतक्या महिन्यांनी त्या चेहऱ्यावर हसू बघून त्याने नजर वळवली.

"आई," ती आत धावली. "आई, हे ऐका. 'अंगात करड्या रंगाचे जाकीट, आतून हिरवे अस्तर, आतील खिसा उजव्या बाजूस.' यांच्याकडे करडं जाकीट कधी नव्हतंच. हे दुसऱ्या कुणाचं तरी आहे. त्यांना मिळालेला माणूस दुसराच कुणीतरी आहे."

सासूबाई उशीवरून ताठ झाल्या. "पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचलं.

"माझा नाही तो," सासूबाई म्हणाल्या. "बिचारा कुणाचा असेल तो असो. माझा नाही." आणि त्या थोरलीला म्हणाल्या, "चहा टाक ग. सगळ्यांना टाक. मामाला साखर जास्त."

डॉक्टरीण आजीला बिलगली. धाकटी कॉटच्या कडेवर बसून कागदावरच्या त्या दोन ओळींवरून बोट फिरवत होती. मामा जमिनीकडे बघत होते. थोरली ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. तिने पातेलं घेतलं, पण गॅस पेटवला नाही.

मास्टर दाराच्या चौकटीला धरून उभा होता. गप्प राहणं किती सोपं होतं. तो गप्प राहिला तर आई आज रात्री झोपेल. धाकटी उद्या सांगेल की मृतदेह दुसऱ्याचा आहे, समिती तसं लिहून घेईल, आणि ही बाई आणखी दहा वर्षं पुलावरच्या प्रत्येक बसकडे बघत राहील.

"आई," तो म्हणाला, "चहा नको."

त्याच्या आवाजाने सगळ्यांनी वळून पाहिलं.

"जाकीट त्याचंच आहे. मी शिवलं होतं. त्याला नेल्यावर. पाचव्या दिवशी. मामांनी फाटकावर नेऊन दिलं."

कुणीतरी रडेल, असं त्याला वाटलं होतं. कुणीच रडलं नाही. आईने फक्त डोळे मिटले आणि तिची मान हळूहळू उशीवर गेली, आणि नातीने तिची नाडी धरली.

*

मामांना घाम फुटला होता. त्यांनी उठून खिडकी लावली, मग कोंदट झालं म्हणून फटीएवढी उघडली.

"मी काही नेलं नव्हतं," ते म्हणाले.

"मामा," मास्टर म्हणाला.

"नव्हतं म्हणतो ना. कुणी विचारलं तर मी नाहीच म्हणणार. आत्ताच सांगून ठेवतो."  पहारेकऱ्याने पुडकं घेताना 'कुणासाठी' हे विचारलंच नव्हतं, हे त्यांना अकरा महिने रोज आठवत होतं. कोठारात बत्तीस वर्षं घालवलेल्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. फाटकावर ज्याचं सामान विचारल्याशिवाय घेतात, तो माणूस आत असतो. त्यांनी ते बहिणीला सांगितलं नव्हतं. दर मंगळवारी ती फाटकाशी बसायची आणि मामा आतल्या बाजूने तिच्यासमोरून जायचे.

धाकटीने डोळे पुसले नाहीत, कारण ते कोरडेच होते. तिने विचारलं, "पाचव्या दिवशी. नक्की?"

"नक्की. थंडी पडली तो दिवस."

"आणि नंतर कधी यांनी ते घातलं? म्हणजे जिवंतपणी घातलं असेल?"

"अंगात होतं, असं लिहिलंय," मास्टर म्हणाला.

"म्हणजे पोचलं." एवढं बोलून ती थांबली. मग तिचा आवाज बदलला. कोर्टात कारकुनांशी बोलायची तो. "भाऊजी, हे त्यांनी स्वतःच लिहून दिलंय. तो आमच्याकडे नव्हता म्हणतात, आणि नेल्यावर फाटकावर दिलेलं जाकीट त्याच्या अंगात होतं म्हणतात. कुणीतरी मृतदेहाची नोंद जशीच्या तशी उतरवली आणि वर काय लिहिलंय ते पाहिलं नाही. मी नक्कल करते. जावक क्रमांकासकट. समितीने क्रमांक सांगून मागितला की त्यांना मूळ कागद दाखवावा लागेल."

"आणि माझी पोर?" थोरली वळली. "तुम्ही सगळे शाळेत जाऊन शूर व्हा. संध्याकाळी जीप कुणाच्या दारात येईल? धाकटी, तुझं दुःख मला कळतं. पण मेलेल्या माणसाच्या जाकिटासाठी जिवंत पोर नाही देणार मी."

"जाऊबाई, मी तुमच्या जागी असते तर हेच बोलले असते."

"मग?"

"मग काही नाही. मी माझ्या जागी आहे."

"आई, माझं नाव घेऊन सही करू नका," डॉक्टरीण म्हणाली. तिचा हात अजून आजीच्या मनगटावर होता. "उद्या पास मिळेल. परवा पुन्हा काहीतरी हवं असेल. तेव्हा कुणाची सही द्याल?"

"तू गप्प बस. तुला काय कळतंय."

"आत दोनदा मी बसले होते. तुम्ही बाहेर होतात."

थोरली पुन्हा ओट्याकडे वळली. धाकटी दुकानात गेली आणि टाइपरायटरचा आवाज सुरू झाला. सगळे तो ऐकत राहिले. बाहेर गस्तीची गाडी हळू झाली, तसा आवाज थांबला. गाडी पुढे गेली, आणि मग पुन्हा सुरू झाला.

सासूबाईंनी डोळे उघडले. "मामा," त्या म्हणाल्या. भावाला त्याही सगळ्यांसारख्या मामाच म्हणायच्या. "तू जा आणि त्या कॅप्टनला सांग, म्हातारी सही करते. पण कागदात लिहिलंय की मी कपडे ओळखले. तर मला कपडे दाखवा. बघितल्याशिवाय खोटं कसं लिहून देऊ? एवढंच सांग. बाकी तुला काही माहीत नाही, तेही बरोबरच आहे."

"अक्का, हे हात दाखवून अवलक्षण होईल."

"कागद इथेच राहील. जा."

मामा गेले. चपला घालायला त्यांना बराच वेळ लागला.

*

पावणेचारला कॅप्टन स्वतः आला. जीप दाराला चिकटून लागली, त्यामुळे दुकानात अंधार झाला. दोन शिपाई बाहेर उभे राहिले. मामा बरोबर नव्हते.

सासूबाई दुकानात येऊन बाकावर बसल्या होत्या. आत बसून त्याला आत येऊ द्यायचं नव्हतं. त्यांनी त्याला पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं. तिशीतला असेल, दाढी नीट केलेली, नखं स्वच्छ. त्यांच्या धाकट्याहून वर्षाने इकडे-तिकडे. कुणाचा तरी हाही धाकटाच असणार, असं त्यांच्या मनात आलं आणि त्या स्वतःवरच चिडल्या.

"आजी, त्रास देतोय," तो म्हणाला. "तुमचा निरोप मिळाला. कपडे आता शिल्लक नाहीत. रोगराई नको म्हणून जाळून टाकावे लागतात."

"बरोबर आहे. मग मी ओळखले केव्हा?"

"ते फक्त लिहिण्यापुरतं आहे."

"मी जुनी बाई आहे, साहेब. लिहिण्यापुरतं वेगळं आणि बोलण्यापुरतं वेगळं मला जमत नाही. जाकीट कसं होतं, तेवढं तरी सांगा."

त्याने हात पुढे केला. सासूबाईंनी कागद दिला. तो वाचू लागला आणि त्या त्याच्या डोळ्यांकडे बघत राहिल्या. मधेच एका ठिकाणी ते डोळे थांबले. त्याने मान वर केली, ती थेट भिंतीकडे. तिथे त्याच्याच हुद्द्याचा एक कोट हँगरला लटकत होता, अर्धवट शिवलेला, आतलं हिरवं अस्तर बाहेर काढून.

 मास्टर टेबलामागे उभा होता, गळ्यात टेप.

"माझा कोट ना तो?" कॅप्टनने विचारलं.

"हो साहेब. बाह्या राहिल्यात."

"बघू, खांद्यात कसा बसतो."

मास्टरने कोट त्याच्या अंगावर चढवला. आईने मुलाचे हात पाहिले. खांद्याची शिवण सरळ करताना ते इतके ताठ होते की टाचणी तीनदा निसटली.

"चांगला बसतो," कॅप्टन म्हणाला. "तुमचा हात ओळखू येतो, मास्टर. कुठेही ओळखू येईल." त्याने कोट उतरवून टेबलावर ठेवला, कागदाची घडी केली आणि खिशात टाकली. "मसुद्यात चूक आहे. उद्या सकाळी आठला नवा आणतो. शाळेत फार गर्दी असणार, आजी. तुम्ही उन्हात जाऊ नका." जाताना तो आतल्या दारात उभ्या असलेल्या डॉक्टरणीकडे वळला. "पास माझ्या टेबलावरच आहे. कपडे भरून ठेवा."

पास घेऊन शहरात जायलाही कपडे भरतात, आणि छावणीत न्यायलाही. जीप निघून गेल्यावर थोरलीने पोरीला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावरून कोरडा हात फिरवत राहिली.

*

सकाळी सातला ते मागच्या दाराने निघाले: सासूबाई, मास्टर, धाकटी आणि डॉक्टरीण. थोरली आली नाही. "कुणीतरी घरी हवं, नाहीतर दार फोडतील," ती म्हणाली. पोर बरोबर नको म्हणून तिने अर्धा तास वाद घातला होता. पोर ऐकेना, तेव्हा तिने स्वतःचा स्वेटर तिच्या अंगात घातला आणि आत निघून गेली. मामांच्या घराला कुलूप होतं.

शाळेच्या चौथीच्या वर्गात समिती बसली होती. बाकं ठेंगणी होती, त्यामुळे मास्टरचे गुडघे टेबलाला लागत होते. समितीतल्या एक निवृत्त न्यायाधीश बाई प्रश्न विचारत होत्या, शेजारी लेखनिक टाइप करत होता. दारात आणि व्हरांड्यात गर्दी होती. फाटकाशी दोन शिपाई आत जाणाऱ्यांचे फोटो काढत होते.

धाकटीने नक्कल पुढे ठेवली. बाईंनी जावक क्रमांक वाचला, स्वतःच्या वहीत उतरवला आणि छावणीला मूळ कागद मागणारं पत्र तिथेच लिहायला सांगितलं. मग मास्टरकडे वळल्या.

"जाकीट तुम्हीच शिवलं, हे कशावरून?"

मास्टर बोलू लागला. सुरुवातीला त्याचा आवाज निघेना. मग तो कापडावर आला आणि सुधारला. अस्तर कुठल्या थानातलं, मागे जोड का द्यावा लागला, खिसा उजवीकडे का लावला. "तो डावखुरा होता," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'होता' म्हणाला, आणि शेजारी आईचा श्वास थांबलेला त्याने ऐकला.

"छावणीत ते कोणी दिलं?"

"माझ्या मामांनी."

"ते आलेत?"

"नाही."

"येतील?"

मास्टरने नकारार्थी मान हलवली.

"मग जाकीट केव्हा शिवलं, याला तुमच्याशिवाय साक्षीदार? घरात कुणी पाहिलं होतं?"

"नाही. मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही गिऱ्हाईकाचं म्हणून सांगितलं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुमच्यावर माझा अविश्वास नाही. पण ते म्हणतील, कागद वाचून भावाने गोष्ट रचली. एकट्याच्या शब्दावर..."

"एकट्याचा नाही," दारातून आवाज आला.

थोरली गर्दीतून वाट काढत आत आली. तिला धाप लागली होती आणि पायांत दोन वेगवेगळ्या जोडांच्या चपला होत्या.

"काजं-बटणं मी केली त्याची," ती म्हणाली. "आमच्या दुकानात काजं मीच करते. पाच बटणं. गिऱ्हाईकाचं म्हणाले हे. बाही पसरली तेव्हाच कळलं. दिराचे हात एवढे लांब, चारचौघांत एकट्याचेच असतील. मी काही बोलले नाही. त्याला थंडी वाजू नये म्हणून काजं दुहेरी घातली. तो दिवस मला पाठ आहे, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी मी यांचा चेहरा बघितला आणि वाटलं, आता विचारावं. नाही विचारलं."

मास्टरने बायकोकडे पाहिलं. काल ती गॅस न पेटवता पाठमोरी उभी होती, ते का, हे त्याला आत्ता उमगलं.

धाकटी बाकावर सरकली. थोरली तिच्या शेजारी बसली आणि दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

"बाई," न्यायाधीश म्हणाल्या, "तुमच्या मुलीबद्दल मला यांनी सांगितलं आहे. तुम्ही विचार करून बोलताय ना?"

"घरासमोर जीप उभी आहे. मी मागच्या भिंतीवरून उतरून आले. विचार झालाय." तिने श्वास घेतला. "पण माझी एक अट आहे. माझ्या पोरीचं नावही लिहून घ्या."

"त्या बेपत्ता नाहीत. इथेच आहेत."

"म्हणूनच. आजची तारीख टाका. लिहा की ती इथे आहे, धडधाकट आहे, अंगात माझा निळा स्वेटर आहे, आणि तिचं कुठल्याही टोळीशी काही नाही. उद्या तिला कुणी नेलं, तर आमच्याकडे आलीच नव्हती, असं कुणी म्हणायला नको. आज ती कुठे होती, कशी होती, ते तुमच्याकडे आधीच लिहिलेलं असेल."

लेखनिकाने न्यायाधीश बाईंकडे पाहिलं. असा अर्ज त्याच्याकडच्या कुठल्याच नमुन्यात बसत नव्हता. बाई क्षणभर खिडकीबाहेर बघत राहिल्या, जिथे शिपाई फोटो काढत होते, आणि मग त्यांनी होकारार्थी मान हलवली.

त्याने नवा कागद चढवला, तारीख टाकली, वेळ टाकली.

"नाव?" त्याने विचारलं.

थोरलीने मुलीला हाताला धरून टेबलासमोर उभं केलं. तिने नाव सांगितलं, पूर्ण, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, आणि तो टाइप करत असताना खाली वाकून, ते बरोबर उतरतंय ना, हे बघत राहिली.